याच्या घरी कोण कोण असतं? हेरपट लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

नाशिक रोड

हिंदीत हेरपट लिहिणाऱ्या आणि आता मराठीतही लिहू पाहणाऱ्या समस्त पटकथाकार मंडळींस,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, घेऊन तुमच्यापैकीच कुणीतरी लिहिलेला एक हेरपट पाहिला. नाव मुद्दाम देत नाही. दुसऱ्या कुठल्या हेरपटाचं नाव घातलं तरी या पत्रातलं एक वाक्य बदलावं लागणार नाही. तीन देश, चार पाठलाग, एक पेनड्राइव्ह आणि शेवटच्या सेकंदाला बंद पडणारा एक बॉम्ब. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की आमच्याकडे खिडक्यांची तावदानं थरथरतात, तरी ते पेपरातून मान वर करत नाहीत. तुमच्या स्फोटांनी ते दचकतील अशी आशा नव्हतीच. मध्यंतरात समोसा खाता खाता त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"याच्या घरी कोण कोण असतं गं?"

"बायको होती. सुरुवातीलाच मारली की. तुम्ही चष्मा शोधत होतात तेव्हा."

"मारली होय," अण्णा म्हणाले. "म्हणजे सुटला."

हे पत्र त्या 'सुटला'वरून लिहिते आहे.

अण्णांची चौतीस वर्षं इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये गेली. नाशिक रोडच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे दोन मोठे सरकारी छापखाने आहेत. एकात नोटा छापतात, दुसऱ्यात पासपोर्ट, स्टॅम्पपेपर, टपाल तिकिटं वगैरे. आमच्या वर्गात निम्म्या मुलांचे वडील 'प्रेसमध्ये' होते, आणि त्यातल्या कुणालाही ते तिथं नक्की काय करतात हे सांगता येत नसे. अण्णा हेर नव्हते, मशीनवर होते. त्यापलीकडे मलाही आजपर्यंत कळलेलं नाही. आई रोज संध्याकाळी त्यांचा डबा घासायला घेताना विचारायची, "आज काय छापलंत?" अण्णा म्हणायचे, "कागद." चौतीस वर्षं हेच. पुढे पुढे आईला उत्तर नकोच असायचं. बोळकी मांडून खेळ खेळावा तसा तो दोघांचा खेळ झाला होता, आणि आम्हा भावंडांना त्यात घेत नसत.

तोंड बंद राहिलं तरी हात मात्र गप्प बसत नाहीत. शनिवारी बाजारात भाजीवालीनं सुटे परत दिले की अण्णांचा अंगठा नोटेच्या कडेवरून फिरायचा. एकदाच, हलकेच, दुकानात आई साडीचा पोत बघायची तसा. मग नोट उजेडाकडे जायला निघायची आणि अर्ध्या वाटेत थांबून खिशात जायची. मी नऊ-दहा वर्षांची असेन. एकदा विचारलं, "काय बघता हो अण्णा?" चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्यानंतर कितीतरी दिवस सुटे पैसे आईच घ्यायची.

मग आली 8 नोव्हेंबर 2016ची रात्र. अण्णांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि थोड्याच वेळात घरातला फोन वाजायला लागला. शेजारी, जुने भाडेकरू, पुण्याची आत्या, सगळ्यांचं एकच पालुपद, "अण्णा, तुम्हाला आधी कळलं असेलच!" अण्णा एकेकाला सांगत होते, मला आत्ता तुमच्याबरोबरच कळलं. एकाचाही विश्वास बसला नाही. मामा तर पुढची दिवाळी होईपर्यंत अबोला धरून होता, सख्ख्या मेव्हण्याला सांगितलं नाहीत म्हणून. त्या रात्री फोन खाली ठेवताना अण्णांचा चेहरा कसा होता ते मला अजून नीट लिहिता येत नाही. तुम्हाला ते यायला हवं, तुमचा धंदाच तो.

मंडळी, ही साध्या मशीनवरच्या माणसाच्या घरातली गोष्ट झाली. तुमचा नायक तर खोट्या नावानं परमुलखात राहतो. त्याच्या स्वयंपाकघरात केवढं नाट्य असेल! आणि तुम्ही काय करता, तर पंधराव्या मिनिटाला घरच पेटवून देता. बायको गेली की नायकाला सूड मिळतो आणि तुम्हाला सुट्टी. पुढे अधूनमधून तिची आठवण येते ती पांढऱ्या चादरीत, उन्हाच्या तिरिपेत, पियानोच्या सुरावर हसणारी. तिचं नावही आम्हाला आठवत नाही. याला तुम्ही 'इमोशनल ट्रॅक' म्हणता असं ऐकते. सूड लिहायला सोपाच असतो, तो एकाच दिशेनं धावतो. रोज खोटं बोलून त्याच ताटात जेवायला बसणारा माणूस लिहायचा म्हणजे प्रत्येक प्रसंगाला दोन अर्थ हवेत. तिला कळणारा एक आणि आम्हाला कळणारा दुसरा.

मारामारी कमी करा, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. मला मारामारी आवडते. एका पडद्याच्या थेटरात पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या ऐकत मोठी झालेली बाई आहे मी. माझं म्हणणं एवढंच, की ठोशाचं पुढे काय होतं तेही दाखवा. 2006चा जेम्स बाँडपट 'कसिनो रोयाल' आठवा. हॉटेलच्या जिन्यात बाँड दोन माणसांना मारतो, तुंबळ झटापट आहे, अगदी तुमच्या आवडीची. एरवीच्या बाँडपटात तो टाय सरळ करून पुढे निघाला असता. इथं तो खोलीवर परततो, तर या मोहिमेतली त्याची सहकारी व्हेस्पर अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेली. तो फारसं काही बोलत नाही. तोही कपड्यांनिशी तिच्या शेजारी पाण्यात बसतो. अगदी छोटा प्रसंग, पण त्यानंतर त्या सिनेमात कुणी कुणावर हात उगारला की पोटात गोळा येतो. त्या एका शॉवरनं पुढच्या सगळ्या मारामाऱ्यांची किंमत वाढवली, आणि निर्मात्याला त्यासाठी वेगळं हेलिकॉप्टर भाड्यानं आणावं लागलं नसेल.

हे आपल्याकडे होत नाही, असंही म्हणू नका. 2018चा मेघना गुलजार यांचा 'राझी' घ्या. त्यातली भारतीय हेर सेहमत लग्न करून पाकिस्तानात, शत्रूच्या घरात जाते, म्हणजे तिथं घर हीच रणभूमी आहे. त्या घरच्या जुन्या नोकराला ती जीपखाली घालते, तेव्हा आमच्या रांगेत कुणी टाळी वाजवली नव्हती. आणि शाळेतल्या मुलांना ती देशावरचं गाणं शिकवते. पोरं ते त्यांच्या देशासाठी गातात, ती तिच्या देशासाठी. शब्द तेच, सूर तोच. दोन अर्थांचा प्रसंग म्हणतात तो हा. मला तर असं एक गाणं दहा पाठलागांपेक्षा जास्त थरारक वाटतं.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. पब्लिकला डोकं लावायला आवडत नाही. बरं. मी शाळेत संस्कृत शिकवते, पब्लिक माझ्यासमोर रोज पस्तीस मिनिटं बसलेलं असतं, तेही तिकीट न काढता. एका ऑफ तासाला मी नववीच्या पोरांना 'मुद्राराक्षस' सांगायला घेतलं. विशाखदत्ताचं हे नाटक हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचं आणि अख्खं हेरगिरीवरच उभं. नंदांचा अमात्य राक्षस पाटलीपुत्रातून निसटलाय, बायकोमुलं मात्र चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरी लपवून ठेवलीयत. चाणक्याचा हेर यमाचं चित्र असलेला पट घेऊन, गाणी म्हणत, दारोदार फिरतोय. तो त्या घरात शिरून पट पसरतो. आतून पाच वर्षांचा एक मुलगा कुतूहलानं बाहेर धावतो. आत बायकांची एकच गडबड, "गेला, गेला!" एक बाई दाराआडून हात काढून पोराला मागे ओढते आणि त्या झटापटीत तिच्या बोटातली अंगठी निसटते. पुरुषाच्या बोटाच्या मापाची ती, तिला सैल होणारच. उंबऱ्यावरून घरंगळत ती हेराच्या पायाशी येऊन थांबते, नमस्कार करून स्थिर झालेल्या कुलवधूसारखी. अंगठीवर राक्षसाचं नाव.

वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरच्या एकानं, जो एरवी माझ्या तासाला फक्त घड्याळ बघतो, हात वर केला. "बाई, तिला अंगठी पडल्याचं कळलंच नाही? ती शोधायला येणार ना?" दुसरी म्हणाली, "येऊन उपयोग काय? बाहेर आली तर घरात कोण लपलंय ते कळेल." घंटा झाली तरी कुणी हललं नाही. अजून तर मी त्या अंगठीचा शिक्का मारून चाणक्य कसं खोटं पत्र तयार करतो, तिथवर पोचलेही नव्हते.

बघा, गुपित फुटलं कशानं? आईनं पोराला ओढलं म्हणून. घरातून फुटलं. आणि नाटक संपतं तेही तिथंच. चंदनदासाला वधस्थानी नेतात, मागून त्याची बायको आणि मुलगा, आणि ज्याला चाणक्याशिवाय कुणी हरवू शकलं नसतं तो राक्षस मित्राचा जीव वाचवण्यासाठी आपणहून पुढे येतो आणि शत्रूच्या राज्याचं अमात्यपद पत्करतो. चाणक्याला हे आधीच ठाऊक होतं. हा माणूस तलवारीनं वाकणार नाही, मित्रासाठी वाकेल, एवढं त्यानं ओळखलं होतं. हेरगिरीतली बुद्धी म्हणजे हीच ना, समोरच्याचं मन वाचणं? तुमच्याकडे बुद्धी म्हणजे चष्मा लावलेला एक पोरगा, लॅपटॉप आणि पडद्यावर नव्वद, पंच्याण्णव, नव्याण्णव टक्के अशी सरकणारी हिरवी पट्टी.

परदेशातल्या भाषेचं तर विचारूच नका. तुमचा हेर कुठल्याही देशात उतरला तरी रिक्षावाल्यापासून सेनापतीपर्यंत सगळे हिंदी बोलतात. याबाबतीत आम्हा नाशिककरांना जरा हक्कानं बोलता येतं. सीतेला पळवलं ते पंचवटीतून, असं आम्ही मानतो. आणि तिला शोधायला हनुमान लंकेत शिरतो तो प्रसंग पडद्यावर आणला तो त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या, नाशकात कंपनी थाटलेल्या दादासाहेब फाळक्यांनी, 1917 साली, 'लंकादहन'मध्ये. शत्रूच्या नगरीत वेष बदलून शिरणं, टेहळणी, खूण म्हणून अंगठी, आणि शेवटी शहराला आग. आता याला हेरपट नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं! (फाळक्यांचे वारस म्हणवणाऱ्यांनी निदान एवढं तरी ध्यानात ठेवावं.)

पण मला सांगायचंय ते वाल्मीकींच्या सुंदरकांडातलं. हनुमान अशोकवनात झाडावर लपून बसलाय, खाली सीता. आता तिच्याशी बोलायचं कसं? तो विचार करतो, मी विद्वान ब्राह्मणासारखं संस्कृत बोललो तर हिला वाटेल हा रावणच, आणि ही घाबरेल. मग तो साध्या माणसांच्या बोलीत बोलायचं ठरवतो आणि सुरुवात करतो ती रामाच्या कुळाच्या हकिगतीपासून. समुद्र ओलांडून आलेला हा वीर एका भेदरलेल्या बाईशी कुठल्या भाषेत बोलावं यावर थांबून विचार करतो! लंका पेटते ती नंतर, कितीतरी नंतर. आपल्या पूर्वजांना हा क्रम ठाऊक होता.

आता मराठीत बहिर्जी नाइकांवर लिहायची टूम निघाली आहे असं ऐकते, म्हणून थोडं त्याविषयी. इथून सिन्नरमार्गे दीड-दोन तासांवर पट्टा किल्ला आहे. 1679 साली जालन्याची लूट घेऊन परतताना महाराजांची वाट मोगली फौजांनी अडवली, तेव्हा बहिर्जींनी आडवाटांनी सगळ्यांना तिथं सुखरूप पोचवलं. महाराज तिथं विसावले म्हणून तो विश्रामगड. म्हणजे त्या प्रसंगी आमच्या सर्वांत मोठ्या हेराचा पराक्रम काय, तर वाट माहीत असणं. ती एका रात्रीत माहीत होत नाही. त्यासाठी आधी किती उन्हाळे-पावसाळे तो त्या डोंगरांत हिंडला असेल, कुणाच्या ओसरीवर निजला असेल, काय नाव सांगितलं असेल? कागदपत्रांत हे फारसं सापडत नाही. तुम्ही त्या मोकळ्या जागेत तलवारबाजी भरणार, हे मला दिसतंय. भरा, पण एकदा अण्णांचा प्रश्न बहिर्जींविषयी विचारून बघा.

शत्रूबद्दलही एक. इथलं गोल्फ क्लब मैदान, ज्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, सकाळी चालायला येणाऱ्यांनी भरलेलं असतं. 21 डिसेंबर 1909ला विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेले ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन नाटकाला आले आणि सतरा-अठरा वर्षांच्या कान्हेऱ्यांनी तिथंच त्यांना गोळ्या घातल्या. पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले. हा जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. शाळेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते नको होतं. खलनायकानं माझी भाषा शिकलेली असू नये असं वाटत होतं. पण त्यानं कान्हेऱ्यांचं धैर्य तसूभरही कमी होत नाही, उलट त्या कोवळ्या मुलावर केवढं ओझं होतं ते कळतं. तुमचा खलनायक मात्र डोळ्यावर जखमेचा व्रण घेऊन, मांडीवर प्राणी घेऊन, कारण नसताना हसत बसलेला असतो. अलीकडे तुम्ही त्याला 'आपलाच माजी एजंट, देशानं वाऱ्यावर सोडलेला' करता. हे फार चांगलं आहे, खरंच. पण त्याची तक्रार रास्त वाटायला लागली की घाईघाईनं त्याच्या हातात विषाणूची कुपी देता, म्हणजे आम्हाला विचार करायला नको.

आणखी किरकोळ तक्रारी आहेत. बाई एजंट असली की तिची पहिली ओळख जलतरण तलावातूनच का होते, इत्यादी. पण पत्र लांबलं.

त्या दिवशी सिनेमा सुटल्यावर आम्ही रिक्षानं घरी येत होतो. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. बिटको चौकात सिग्नलला थांबलो असताना मी सहज विचारलं, "अण्णा, आईला तुम्ही खरंच कधी काही सांगितलं नाहीत?"

ते बराच वेळ बाहेर बघत होते. सिग्नल सुटल्यावर म्हणाले, "एकदा सांगितलं होतं."

"काय?"

"ते तिला सांगितलं होतं," अण्णा म्हणाले, आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

कळावे, लोभ असावा.

पुढच्या शुक्रवारीही तिकीट काढणारी,
नाशिक रोडची एक संस्कृतची बाई